रिपोर्ट आला, पण पाहिला कोणी?

रविवारी माझा दवाखाना बंद असतो. हे ठाऊक असूनही गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी जिंतूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी थेट घरी आले. तोंडाला रुमाल लावलेला, रुमालावर तांबडे डाग. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल रात्रीपासून हिरड्यांतून रक्त यायलंय, थांबंना." बाही वर करून पाहिली तर दंडावर दोन ठिकाणी मोठे काळेनिळे डाग. कुठे आपटल्याचे त्यांना आठवत नव्हते.

गुरुजींच्या हृदयातली एक झडप काही वर्षांपूर्वी बदललेली आहे. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून ठरावीक मुदतीने रक्ताची 'आयएनआर' ही तपासणी करतात. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. झडप बदललेल्या रुग्णात तो बहुधा २ ते ३.५ च्या दरम्यान ठेवायचा असतो. नेमका किती, हे झडपेच्या जातीवर आणि जागेवर ठरते.

मी विचारले, "गुरुजी, या महिन्याची तपासणी केली की नाही?"

"मंगळवारीच केली की. रिपोर्ट मेलवर येतो. अजून आला नाही."

त्यांचा फोन घेऊन मेल उघडला. रिपोर्ट बुधवारी संध्याकाळीच आलेला होता. आकडा होता ७.१. म्हणजे रिपोर्ट आल्यानंतरही बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशा चार रात्री गुरुजी ती गोळी नेमाने घेत होते.

पुण्याला त्यांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी तो मेल बुधवारीच उघडला होता. कामात होतो, नीट वाचला नाही. मला वाटलं, बाबांनी तुम्हाला दाखवला असेल." गुरुजींचे म्हणणे, "माझ्या फोनवर नवीन मेल ठळक अक्षरात दिसतो. हा ठळक नव्हता. मला वाटलं, मागच्याच महिन्याचा आहे." तपासणी केंद्राने आकडा पाहून फोनही केला होता, पण त्यांच्या नोंदीत गुरुजींचा जुना, बंद पडलेला क्रमांक होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. गोळी थांबवली, त्यांना लगेच नांदेडला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे व्हिटॅमिन 'के' दिले, दोन-तीन दिवस देखरेखीखाली ठेवले, आणि गुरुजी सुखरूप घरी आले. आकडा एवढा का वाढला, तेही कळले. दाढ दुखते म्हणून त्यांनी पाच दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या घेतल्या होत्या. हे औषध रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवते. पण दाताच्या डॉक्टरांना झडपेचे सांगितले नाही आणि मला दाढेचे सांगितले नाही. यात माझीही चूक आहे. पूर्वी मी गुरुजींना कागद घेऊन समक्ष यायला लावत असे. मेल आल्यापासून तो आग्रह मी सोडला होता.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात आज मेलची ही कथा कशाला, असे आपणास वाटेल. पण आता रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, एमआरआय, मोठ्या दवाखान्यातून सुटी मिळाल्याचा कागद, विम्याचे पत्र, सारे मेलवर येते. आपल्या परभणीच्या घराघरांतली मुले पुण्या-मुंबईला, हैदराबादला नोकरीला आहेत. आई-वडिलांचा मेल त्यांच्याही फोनवर उघडलेला असतो. एकच टपालपेटी, आणि तिच्या किल्ल्या तीन-चार हातांत. ही सोय उत्तम आहे. मात्र ती चालते कशी, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवे.

टपालाच्या दोन तऱ्हा

मेल आपल्यापर्यंत पोचण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीचे नाव 'पॉप'. ती १९८४ मध्ये निघाली. पोस्टात जाऊन आपली पत्रे घरी आणावीत, तसा हा प्रकार. संगणक मेल उतरवून घेतो आणि पोस्टातली प्रत बहुधा काढून टाकली जाते. त्या काळी ते योग्यही होते. माणसाकडे संगणक असलाच तर एक, आणि मेल साठवायला पलीकडे जागा अगदी थोडी.

दुसरी पद्धत 'आयमॅप'. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ती तयार केली. यात पत्रे पोस्टातच राहतात. फोन, टॅब, संगणक या त्या पोस्टात डोकावणाऱ्या खिडक्या. कोणत्याही खिडकीतून पाहा, आत तेच दिसते. पुढे ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले, तेव्हा पलीकडेच राहिलेले टपाल कुठल्याही संगणकावरून पाहण्याची गोडी सामान्य माणसाला लागली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले आणि एकदम १ जीबी जागा फुकट मिळाली. 'टपाल पलीकडेच राहू द्या' हे तेव्हापासून सर्वांच्या अंगवळणी पडले.

पहिल्या तऱ्हेचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. अठरा-वीस वर्षांपूर्वी दवाखान्यात पहिला संगणक घेतला. त्यावर मेल 'पॉप'ने उतरत असे. 'पोस्टात प्रत ठेवा' अशी खूण करायची असते, ती मी केलेली नव्हती. उन्हाळ्यात एका दुपारी विजेचा दाब वाढला, हार्ड डिस्क जळाली आणि दीड वर्षाचे रिपोर्ट गेले. रुग्णांना पुन्हा कागद आणायला सांगताना लाज वाटली. अजूनही कुणाच्या दुकानात, कचेरीत जुन्या पद्धतीने मेल उतरत असेल तर ती खूण आहे का ते पाहावे. शक्य असेल तर 'आयमॅप'वर यावे.

सगळीकडे सारखे म्हणजे काय?

आजच्या फोनवरचा जीमेल या दुसऱ्या तऱ्हेनेच चालतो. एका पत्त्याचा मेल चार फोनवर उघडला तरी तो एकच मेल असतो, त्याच्या चार प्रती नसतात. त्यातून तीन गोष्टी घडतात. त्या नीट लक्षात घ्याव्यात.

एक, पुण्याच्या फोनवर मेल उघडला की परभणीच्या फोनवरही तो 'वाचलेला' होतो. ठळक अक्षरे फिकी पडतात. गुरुजींच्या बाबतीत हेच झाले. यंत्राने आपले काम चोख केले. पण कुणीतरी मेल उघडला एवढेच त्याला कळते. तो समजून घेतला का, डॉक्टरांना दाखवला का, गोळी बदलली का, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

दोन, एका फोनवरून मेल पुसला तर तो सर्व फोनवरून जातो. मानवतच्या एका बाई थायरॉइडची गोळी घेतात. त्यांनी "फोन भरलाय" म्हणून एका दुपारी जुने मेल पुसून टाकले. मुलीने तिकडे हैदराबादला जपून ठेवलेले चार वर्षांचे रिपोर्टही त्याबरोबर गेले. सुदैवाने आठच दिवस झाले होते. पुसलेला मेल जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस राहतो. तेवढ्या मुदतीत कोणत्याही एका फोनवरून तो परत आणला की सगळीकडे परत येतो. मुदत उलटल्यावर मात्र इलाज नाही.

तीन, बोट आडवे फिरवून मेल बाजूला सारला की बऱ्याच फोनवर तो पुसला न जाता 'आर्काइव्ह' होतो. म्हणजे समोरच्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवला. तो सर्व फोनवर टेबलावरून नाहीसा होतो, पण 'ऑल मेल' या कप्प्यात सापडतो. रिपोर्ट दिसेना म्हणून घाबरण्याआधी तिथे पाहावे. 'स्पॅम' आणि 'प्रमोशन्स' हे कप्पेही पाहावेत. 'स्पॅम'मधला मेलही ३० दिवसांनी आपोआप जातो.

दुकानात काढलेला पत्ता

आपल्याकडची खरी अडचण आणखी वेगळी आहे. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर रुग्णांना मी मेलचा पत्ता विचारतो तेव्हा निम्मे म्हणतात, "ते दुकानदारानं काढून दिलंय." नवा फोन घेतला, दुकानदाराने तिथेच पाच मिनिटांत पत्ता काढला, सांकेतिक शब्दही त्यानेच टाकला, आणि तो कुणालाच आठवत नाही. दोन वर्षांनी दुसरा फोन आला, दुसरा पत्ता निघाला. एका आजोबांचे असे तीन पत्ते निघाले. मधुमेहाचे रिपोर्ट एकावर, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा कागद दुसऱ्यावर, विम्याचे पत्र तिसऱ्यावर. पहिल्या दोन पत्त्यांची कुलपे उघडतच नव्हती.

चार फोनवर एक पत्ता असेल तर सारे जुळते. एका माणसाचे चार पत्ते असतील तर काहीच जुळत नाही. म्हणून पहिले काम हे करावे : प्रत्येक रुग्णाचा आरोग्यासाठी एकच पत्ता ठरवावा. तो आणि त्याचा सांकेतिक शब्द घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवावा. पत्ता परत मिळवण्यासाठी जो मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, तो सध्या चालू असलेला द्यावा. प्रत्येक तपासणी केंद्रात आणि दवाखान्यात तोच पत्ता आणि तोच क्रमांक सांगावा. क्रमांक बदलला तर जिथे जिथे आपली नोंद आहे तिथे तो बदलून घ्यावा. गुरुजींच्या प्रकरणात एवढे एक झाले असते तरी बुधवारीच निरोप पोचला असता.

वापरात नसलेल्या पत्त्याचे आणखी एक आहे. दोन वर्षे ज्या खात्यात कुणी फिरकले नाही, ते गुगल बंद करून आतला मजकूर पुसू शकते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम अमलात आला आहे. जुन्या पत्त्यावर महत्त्वाचे कागद असतील तर आजच ते काढून घ्यावेत.

दोन पायऱ्यांचे कुलूप लावलेले असेल तर अधिक सुरक्षित, पण त्यातही मेख आहे. उघडताना येणारा आकडा पुण्याच्या मुलाच्या फोनवर जातो आणि इकडे वडील दवाखान्याच्या खिडकीशी उभे. मुलगा कामात, फोन उचलत नाही. यासाठी गुगल दहा राखीव आकडे देते. प्रत्येक आकडा एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून औषधांच्या फाईलमध्ये न ठेवता घरातल्या कपाटात ठेवावेत. फाईल दहा हातांतून फिरते.

'गुड मॉर्निंग'ची गर्दी

काही जणांना रिपोर्ट येतच नाही. तपासणी केंद्र म्हणते, पाठवला. रुग्ण म्हणतो, मिळाला नाही. दोघेही खरे बोलत असतात.

गुगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा असते. ही जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह यांत मिळून वाटलेली आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपची जी राखीव प्रत ठेवली जाते तीही २०२४ पासून याच जागेत मोजली जाऊ लागली. रोज सकाळी येणारी फुलांची, उगवत्या सूर्याची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ त्या प्रतीत जमा होत जातात. जागा भरली की नवीन मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणजे शुभप्रभातीच्या गर्दीत आपल्या किडनीचा रिपोर्ट दारातूनच माघारी फिरतो.

यावर उपाय सोपा. फोनच्या गुगल खात्यात 'स्टोरेज' पाहावे. १३-१४ जीबी झाले असेल तर व्हॉट्सॲपच्या राखीव प्रतीतून व्हिडिओ वगळावेत, मोठे व्हिडिओ पुसावेत. मेल पुसण्याची घाई करू नये. रिपोर्टची फाईल अगदी लहान असते. एका लग्नाच्या व्हिडिओच्या जागेत शेकडो रिपोर्ट मावतील.

मेल उशिरा का येतो?

एका फोनवर मेल लगेच आणि दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी, असेही होते. फोन आणि पोस्ट यांचे बोलणे बंद पडले की असे घडते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपल्या पत्त्यावर जाऊन 'सिंक जीमेल' या ओळीपुढे खूण आहे का ते पाहावे. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर फोन पाठीमागची कामे थांबवतो, मेल उघडेपर्यंत काही कळत नाही. तिथेच 'किती दिवसांचे मेल' असाही आकडा असतो. बहुधा तो ३० असतो. त्यापूर्वीचे मेल गेलेले नसतात, फक्त फोनवर उतरवलेले नसतात. नेटची रेंज असेल तिथे शोधले की मिळतात. गंगाखेड, पालमकडच्या खेड्यातून तालुक्याला तपासायला येताना हे ध्यानात ठेवावे आणि जुना रिपोर्ट आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. डॉक्टरांसमोर बसल्यावर चाक गरगर फिरत राहते आणि बाहेर रुग्णांची रांग वाढत जाते.

"डॉक्टर, मग व्हॉट्सॲप बरे नाही का?" असे पुष्कळजण विचारतात. तातडीचा निरोप देण्यास ते उत्तमच. पण राखीव प्रत नसताना फोन हरवला, पाण्यात पडला किंवा बदलला, तर त्यातले रिपोर्ट गेले. शिवाय शंभर निरोपांखाली ते दबून जातात. म्हणून निरोप व्हॉट्सॲपवर, दप्तर मेलवर, आणि महत्त्वाच्या रिपोर्टची एक कागदी प्रत फाईलमध्ये, अशी वाटणी ठेवावी.

नको त्या डोळ्यांपुढे

सगळे सगळीकडे दिसणे हे नेहमीच हिताचे नसते. काही महिन्यांपूर्वी एक तरुण सून माझ्यापुढे बसून रडली. घरात एकच मेल, तो सासऱ्यांच्या, दिरांच्या आणि नवऱ्याच्या फोनवर उघडा. मूल होण्यासंबंधीच्या तिच्या तपासण्यांचा रिपोर्ट तिने पाहण्याआधी घरातल्या तिघांनी पाहिला होता, आणि त्यावर बैठकीत चर्चाही झाली होती. रिपोर्टमध्ये काळजीचे काही नव्हते. पण तिचा विश्वास उडाला, आणि पुढच्या तपासणीला ती दोन महिने आलीच नाही.

क्षयरोग, मानसिक आजार, गर्भधारणा, गुप्तरोग यांचे रिपोर्ट ज्याचे त्याला मिळाले पाहिजेत. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून दुसऱ्याला सांगण्यास मनाई केली आहे. म्हणून घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचा, सुनेचासुद्धा, स्वतंत्र पत्ता असावा. तो आणखी कोणाच्या फोनवर उघडायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. वडीलधाऱ्यांनी यात मानापमान मानू नये.

झेरॉक्सच्या दुकानातही जपावे. रिपोर्टची प्रत काढायची म्हणून तिथल्या संगणकावर आपला मेल उघडायचा आणि तसाच सोडून यायचे, हे आपल्याकडे रोज घडते. त्याऐवजी आपल्या फोनवरून फक्त ती एक फाईल दुकानदाराला पाठवावी आणि प्रत निघाल्यावर ती पुसायला सांगावी. फोन हरवला किंवा विकला तर दुसऱ्या फोनवरून गुगल खात्यातल्या 'युवर डिव्हाइसेस' या यादीत जाऊन त्या फोनवरचे खाते बंद करता येते. वर्षातून एकदा ती यादी सहज म्हणून पाहावी. ओळखीचा नसलेला फोन त्यात दिसला तर तो काढून टाकून सांकेतिक शब्द बदलावा. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

जो उघडेल, तो फोन करील

आता मुख्य मुद्दा. यंत्र जुळवले, पत्ता एक केला, जागा मोकळी केली, तरी गुरुजींसारखा प्रसंग पुन्हा घडू शकतो. कारण चार जण पाहणारे असले की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. लग्नघरात सर्वांनी वाढायचे ठरले की एखादी पंगत तशीच बसून राहते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून घरात बसून साधे नियम ठरवावेत.

रिपोर्ट पाहण्याची जबाबदारी एकाच माणसावर द्यावी, आणि त्याचे नाव सर्वांना माहीत असावे. तो परगावी असला तरी चालेल.

दुसऱ्या कुणी चुकून उघडला तर त्याने तो पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवावा. मेल उघडल्यावर वर पाकिटाचे एक चिन्ह दिसते, ते दाबले की सर्व फोनवर अक्षरे पुन्हा ठळक होतात. गुरुजींच्या मुलाने हे केले असते तर बुधवारी रात्रीच गुरुजींचे लक्ष गेले असते.

ज्याने रिपोर्ट वाचला त्याने त्याच दिवशी रुग्णाला फोन करावा. डॉक्टरांना दाखवून पुढचे ठरले की त्या मेलवर तारा लावावा. तोही सर्व फोनवर दिसतो. तारा नाही म्हणजे काम बाकी आहे, अशी घराची खूण ठरवावी.

तपासणी केंद्राच्या अर्जावर रुग्णाचा चालू क्रमांक, जबाबदार नातेवाइकाचा क्रमांक आणि डॉक्टरांचा क्रमांक, असे तिन्ही लिहावेत.

रक्त दिले त्याच दिवशी "रिपोर्ट कधी मिळेल?" हे विचारून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. त्या तारखेला रिपोर्ट आला नाही तर आपणच फोन करावा. 'आला नाही म्हणजे चांगलाच असेल' हा समज सोडून द्यावा.

काही तपासण्यांत मेलची वाट पाहत बसूच नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर, किडनीच्या रुग्णांचे पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, डेंग्यूच्या तापातल्या प्लेटलेट, यांचे आकडे त्याच दिवशी फोनवर विचारून घ्यावेत. आणि लक्षणे दिसत असतील तर रिपोर्टसाठीही थांबू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना हिरड्यांतून वा नाकातून रक्त थांबत नाही, लघवी लाल होते, शौच डांबरासारखे काळे होते, डोक्याला मार लागतो किंवा अचानक तीव्र डोकेदुखी सुरू होते, अशा वेळी तडक दवाखाना गाठावा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तसे करणेही धोक्याचे आहे. अशा रुग्णाने कोणत्याही नव्या डॉक्टरकडे, दाताच्या, डोळ्यांच्या, अगदी आयुर्वेदिक वैद्यांकडेही, पहिले वाक्य हेच बोलावे, "मी रक्त पातळ व्हायची गोळी घेतो."

सरकारी पातळीवरही दप्तर एकत्र आणण्याचे काम सुरू आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. कागद ज्या दवाखान्यात तयार झाला तिथेच राहतो, आणि आपण संमती दिली तर दुसऱ्या डॉक्टरला तो पाहता येतो. हा क्रमांक काढून ठेवावा. पण तिथेही रिपोर्ट वाचून पुढचे पाऊल माणसानेच टाकायचे आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक नियमांनी मेलवरून सल्ल्याला मान्यता दिली, तरी तातडीच्या वेळी प्रत्यक्ष उपचारच गाठावेत, असाच त्यांचा रोख आहे.

गुरुजी परवा तपासणीला येऊन गेले. आकडा २.८ होता. आता त्यांच्या घरी मेल पाहण्याचे काम बारावीत शिकणाऱ्या नातीकडे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपासणीची तारीख, रिपोर्टचा आकडा आणि गोळीची मात्रा, असे तिन्ही ती लाल पेनाने लिहिते. पुण्याचा मुलगा तो मेल उघडत नाही; त्याने रात्री साडेआठला फोन करून नातीला आकडा विचारायचा, असे ठरले आहे. मीही माझ्याकडे एक वही घातली आहे. ही गोळी घेणाऱ्या माझ्या प्रत्येक रुग्णाची तपासणीची तारीख त्यात आहे, आणि त्या तारखेला रिपोर्ट आला नाही तर माझा कंपाउंडर फोन करतो.

आज जेवणानंतर आई-वडिलांचा फोन हातात घ्या. शेवटचा रिपोर्ट कधी आला, कोणी वाचला आणि त्यावर काय केले, एवढे तीन प्रश्न घरात विचारा. तिन्हींची उत्तरे एकाच माणसाकडून मिळाली तर तुमच्या घरची व्यवस्था ठीक आहे असे समजा.